हजार डॉलरचं क्रेडिट आणि लेटरहेडवरचा शिक्का

आपल्या नागपुरात सध्या क्रूझचं भारी खूळ आहे. भिशीत, कॉलनीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी डेकवरचे फोटो दाखवतंच आणि पाठोपाठ एजंटचा नंबर पुढे सरकवतं. तसाच एक नंबर आमच्याकडे आला आणि ५,०७,१५० रुपये घेऊन गेला. वर जहाजावर ८६,७२३ रुपये ६३ पैसे वेगळे. एजंटचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण सुरू आहे आणि वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. बाकी सगळं सांगते.

आधीच सांगते, ओटीपी विचारला की देऊन मोकळी होणाऱ्यांतली मी नाही. माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली. आणि हा माणूस कुठला तरी अनोळखी कॉल नव्हता. धरमपेठेत पहिल्या मजल्यावर ऑफिस, काचेचं दार, आत दोन पोरी कॉम्प्युटरवर, भिंतीवर ट्रॅव्हल एजंटांच्या संघटनांची बोधचिन्हं. भिशीतल्या दोघी त्याच्याकडून सिंगापूरची क्रूझ करून आल्या होत्या आणि खूष होत्या. त्यांना क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला केबिनच्या खात्यात आधीच जमा केलेली रक्कम, हे माहीतच नव्हतं, म्हणून खूष होत्या, हे आता कळतंय. ती बोधचिन्हं कोणीही छापून लावू शकतो. संघटनेच्या वेबसाइटवर सभासदांची यादी असते, तिच्यात नाव शोधा.

आम्हाला सप्टेंबर २०२५ मध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ करायची होती. मार्से, जेनोआ, रोमसाठी चिवितावेक्किया, नेपल्स, पाल्मा आणि परत. बाल्कनीची केबिन. विमानाची तिकिटं मुलगा काढणार होता. क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या साइटवर दोघांचे मिळून ३,७२,००० दिसत होते. एजंटने सांगितले ४,६०,०००. मी तिथल्या तिथे विचारलं, अठ्ठ्याऐंशी हजार जास्त कशाचे?

"काकू, काहून टेन्शन घेता? हजार डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट देऊन राहिलो ना. म्हणजे तुमचे पैसे तुम्हालाच वापस. वरतून टिप्स इन्क्लूड. क्रेडिट उरलं तर कॅश घरी आणा."

हिशोब बरोबर जुळत होता, तेव्हाच्या भावाने हजार डॉलर म्हणजे पंच्याऐंशी हजारांच्या आसपास. जुळला म्हणूनच तर फसले. ४,६०,००० वर पाच टक्के जीएसटी २३,०००, त्या ४,८३,००० वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या नावावर सरकारकडे भरायचा आयकर, २४,१५०. एकूण ५,०७,१५०. टीसीएस रिटर्नमध्ये परत मिळतो, म्हणून तोही मनातून वजा करून टाकला. कार्डाने भरते म्हटलं तर म्हणाला दोन टक्के जादा लागतील, एनईएफटी करा. दोन टक्के म्हणजे १०,१४३ रुपये. ते वाचवले मी! कार्डाने भरले असते तर बँकेकडे वाद तरी घालता आला असता.

आणखी एक. सप्टेंबरच्या क्रूझसाठी मे महिन्यात पूर्ण पैसे कशाला? कंपन्या आधी थोडी अनामत घेतात आणि बाकी रक्कम साधारण अडीच-तीन महिने आधी मागतात. "फुल पेमेंट केलं तरच क्रेडिट लॉक होते," हे त्याचं उत्तर. असं कुणी म्हणालं की उठा आणि बाहेर पडा.

आता त्या स्क्रीनशॉटबद्दल. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो रोज उघडून बघते, का ते माहीत नाही. मी कंपनीचं कन्फर्मेशन मागितलं होतं, मागितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. वर कंपनीचं चिन्ह, बुकिंग क्रमांक, आमची दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे, डेक, केबिनचा प्रकार. आणि अगदी खाली एक ओळ मधोमध आडवी कापलेली. अक्षरांची नुसती टाळकी दिसतात. मोठं करून पाहिलं तर शेवटी एका पाचाचं आणि एका शून्याचं वरचं अर्ध आहे. दोनच आकडे. हजाराला चार लागतात.

मी लिहिलंही होतं त्याला, खालची ओळ कापली गेलीय. तो म्हणाला, "मोबाइलवर तेवढंच येते काकू, लेटरहेडवर पक्कं लिहून देतो." आणि दिलं की! गोल शिक्का, सही, 'ऑनबोर्ड क्रेडिट यूएसडी १,०००, ग्रॅच्युइटी समाविष्ट', ग्रॅच्युइटी म्हणजे टिप्स. कोपरा फाटलेलं व्हाउचर मी कधी पास केलं नाही. लोकांना तीन-तीनदा परत पाठवलं, शिव्या खाल्ल्या त्यापायी. आणि इथे पाच लाखांचा कागद अर्धा कापलेला, तर शिक्का बघून फाइलला लावला. शेंगेन व्हिसाच्या कागदांत डोकं गुंतलं होतं हे खरं, यांच्या गुडघ्याचं दुखणंही तेव्हाच उपटलं होतं. पण बुकिंग क्रमांक समोर होता. कंपनीच्या साइटवर तो क्रमांक आणि आडनाव टाकलं की सगळं उघडतं, केबिनला किती क्रेडिट आहे तेही. तो म्हणाला होता, "तुम्ही लॉगिन केलं तर बुकिंग लॉक होईल." तद्दन खोटं. काही लॉक होत नाही.

जहाजावर पहिल्याच संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर खातं पाहिलं: क्रेडिट ५० डॉलर, केबिनला मिळून, परत न मिळणारं. हे कंपनी त्या हंगामात सगळ्यांनाच देत होती, एजंटने खिशातून एक छदाम घातला नव्हता. त्याला मेसेज केला. "काकू, सिस्टीम अपडेट होऊन राहिली, लास्ट डेला अ‍ॅडजस्ट होते." एजंटांचं क्रेडिट कधीकधी उशिरा दिसतं, हे मीही वाचलेलं. म्हणून थांबले आणि ठरवल्याप्रमाणे खर्च करत राहिले.

खर्च हजाराच्या आत बसवला होता, इतकी काटकसर माझी! रोमची सहल दोघांची २९८ डॉलर, पॉम्पेईची २१८, वायफाय १४०, एका रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण ११०. आणि माणशी रोज सोळा डॉलरप्रमाणे टिप्स २२४, ज्या 'समाविष्ट' होत्या. बेरीज ९९०. पन्नास वजा, ९४० डॉलर कार्डावर. वर परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचं साडेतीन टक्के मार्कअप, त्याच्यावर जीएसटी. क्रेडिट नाही हे ठाऊक असतं तर जहाजाची पॉम्पेईची सहल घेतलीच नसती, नेपल्सहून लोकल ट्रेन थोड्याशा युरोंत तिथे नेते.

शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर लेटरहेड दाखवलं. मुलगी गोड बोलली, पण उत्तर एकच. एजंटने आमच्याकडे काही भरलेलं नाही, तुमचं बुकिंग त्यांच्यामार्फत आहे, त्यांच्याशीच बोला. हे लक्षात ठेवा: एजंटकडून बुक केलं की बुकिंगबद्दल कंपनी सहसा एजंटशीच बोलते. तुम्ही नुसते प्रवासी.

आणि 'लक्झरी' हा शब्द. चार हजार माणसांचं जहाज होतं, बुफेत प्लेट घेऊन रांग. ज्यांना जगभर लक्झरी म्हणतात, सिल्वरसी, रीजंट, सीबोर्न, त्यांच्या भाड्यात टिप्स आणि बहुतेक पेयं धरलेलीच असतात. तिथे क्रेडिट ही वरची साय. टिप्स वेगळ्या पडत असतील तर तो एजंट तुम्हाला लक्झरी विकत नाहीये.

परत आल्यावर आयकराच्या साइटवर २६एएस उघडलं, आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तो उतारा. माझ्या पॅनवर २४,१५० चा टीसीएस कुठेच नाही. मग बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर नाव निघालं एका हार्डवेअरच्या दुकानाचं. त्या क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीला 'सी' असतं, व्यक्तीला 'पी'. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकात 'पी'. पैसे गेले तेही बचत खात्यात. हे मी दुसऱ्यांच्या बिलांत आयुष्यभर पकडलं!

पोलीस ठाण्यातली कथा तर विचारूच नका. तासभर बाकावर. मग साहेबांनी कागद उलटेपालटे केले.

"मॅडम, तुम्ही फिरून आले ना?"

आलो.

"जहाज होतं?"

होतं.

"मंग फसवणूक कायची?"

मी लेटरहेड दाखवलं, हार्डवेअरचं दुकान सांगितलं, टीसीएस सांगितला. टीसीएस म्हणजे काय हेही सांगितलं. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) म्हणताच चेहरा बदलला, "तुम्हीच लावा मग कलमं." त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथे रक्कम लहान पडली. "पाच-पाच कोटींचे पेंडिंग आहेत मॅडम." म्हणजे फसायचं तर पाच कोटींना फसावं, आमची चूकच झाली! बँकेत गेले तर तिथली मुलगी म्हणते, ट्रान्सफर तुम्हीच केला, ओटीपी तुम्हीच टाकला, मग हा अनधिकृत व्यवहार नाही. कराच्या कार्यालयात तक्रार द्यायला गेले तर खिडकी दुसरी, त्या खिडकीवर साहेब दौऱ्यावर, साहेब आले तर म्हणे ऑनलाइन करा. ऑनलाइन केलं तर उत्तर आलं, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा. चौकशीला जागेवर गेलं तरी कोणी? धरमपेठ काय चंद्रावर आहे? तो माणूस रोज अकरा वाजता शटर वर करतोय आणि यांना सापडत नाहीये.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, नंतर रक्कम खात्यातून पुढे सरकलेली असते. माझ्या बाबतीत चार महिने उलटले होते, त्यामुळे तो रस्ता नव्हता. ठाण्यात तोंडी काही सांगू नका, लेखी द्या आणि पोचवर शिक्का घ्या. ग्राहक आयोगाची तक्रार मात्र ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या करता येते, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. माझी भरलेली रक्कम पाच लाखांच्या वर, म्हणून शुल्क २०० रुपये. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. मुदत दोन वर्षांची. आता तारखा.

भिशीत सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "अगं, पण ट्रिप तर छान झाली ना?" तिला काय बोलणार. तिने डिसेंबरची सिंगापूर त्याच्याकडेच बुक केलीय, पाचशे डॉलर क्रेडिटसकट. त्याचं स्टेटस मलाही दिसतं, 'मोजक्याच केबिन शिल्लक'. तिला बुकिंग क्रमांक मागून घ्यायला लावलंय, तो 'उद्या देतो' म्हणतोय. ज्या कोणी धरमपेठेत असे पैसे भरले असतील त्यांनी आपलं २६एएस उघडून टीसीएस दिसतो का पाहावं, आणि दिसला नाही तर स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पूर्ण, खालच्या ओळीसकट.