परसात नारळ की काजू? आधी किडी आणि माकडांचा विचार करा

कोकणात घराभोवती चार-पाच झाडांची जागा आहे, पण नारळ लावावा की काजू हे ठरत नाही, असं विचारलं की बहुतेक जण उत्पन्नाचा हिशोब मांडतात. बागायतीसाठी तो ठीक आहे. परसातल्या चार झाडांना मी वेगळे प्रश्न विचारतो: हे झाड कोण खाणार, कधी खाणार, आणि तेव्हा घरात कोण असणार?

नारळाच्या किडी पुष्कळ, पण झाडाचा जीव घेणाऱ्या त्यातल्या मुख्य दोनच.

पहिला गेंड्या भुंगा. हा सुरळीत, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानात, भोक पाडून शिरतो. पुढे झावळ उघडते ती कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी. मोठा माड एवढ्यानं मरत नाही, लहान रोप मरू शकतं. याची पैदास माडावर होत नाही. ती होते शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यात. त्यामुळे ज्याच्या घरी गोठा आहे त्यानं माडापेक्षा खड्ड्यावर लक्ष ठेवावं. पावसाळ्याआधी खड्डा उपसावा. इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसतील त्या वेचाव्यात, कोंबड्या असतील तर वेचायचीही गरज पडत नाही. हिरवी मस्कार्डिन नावाची बुरशी खतात मिसळली तरी अळ्या मरतात. लहान माडांच्या आतल्या पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकायची आणि दर दीड महिन्यानं त्या बदलायच्या, हा उपाय स्वस्त आहे आणि तो लागू पडतो.

दुसरा सोंड्या भुंगा, आणि खरी भीती याचीच. मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते. ती जखम कोयत्याची असेल, तुटलेल्या झावळीची असेल किंवा गेंड्यानं पाडलेलं भोक असेल. अळ्या आतून खोड पोखरतात आणि बाहेरून माड हिरवागार दिसतो. खोडातून लालसर तपकिरी रस ओघळला, भोकातून चघळलेला चोथा बाहेर आला किंवा खोडाला कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज आला, तर थोडाफार वेळ हातात असतो. शेंडा कलंडला की संपलं. उंच जातीचा माड धरायलाच सहा-सात वर्षं घेतो आणि हा भुंगा कोवळ्या, पाच ते वीस वर्षांच्या माडावर जास्त येतो. म्हणजे माड फळाला लागतो त्याच वयात तो जातो. सांभाळायचं एवढंच, की खोडाला जखम करायची नाही. हिरवी झावळ तोडावीच लागली तर खोडाला लागून न तोडता हाताएवढा, साधारण मीटरभर देठ ठेवावा.

इथे एक सूचना. कामगंध सापळा, म्हणजे वासानं भुंगे ओढून पकडणारी बादली, लावा असं कुणीही सहज सांगतो. पण परसात चार माड असतील तर त्यांच्यामध्येच सापळा टांगू नये. तो आजूबाजूचे भुंगे ओढून आणतो आणि सगळे काही बादलीत पडत नाहीत. सापळा वाडीतल्या सगळ्यांनी मिळून, माडांपासून थोडा लांब लावायची गोष्ट आहे.

बाकीच्या नारळकिडी पीक कमी करतात, झाड मारत नाहीत. केरळात १९९८ साली आढळलेला इरिओफाईड कोळी फळाच्या देठाकडून सुरुवात करतो. साल तपकिरी, भेगाळलेली होते आणि नारळ लहान राहतो. २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीकडे सापडलेली चक्राकार पांढरी माशी पानांखाली बसते, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते आणि खालची अळूची पानंसुद्धा काजळी धरल्यासारखी होतात. दिसायला भयंकर, पण यावर घाईनं विषारी फवारणी करू नये; माशीला मारणारी बारीक गांधीलवर्गीय कीड त्या फवाऱ्यात आधी मरते. पाण्याचा जोरदार फवारा आणि थोडा धीर पुरतो.

आता काजू. याच्याकडेही मुख्य शत्रू दोनच आहेत, पण त्यांचा स्वभाव अगदी निराळा.

ढेकण्या पीक खातो. पावसाळा सरला की काजूला नवी पालवी फुटते, मग मोहोर, मग बारीक काजू. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत हा लालसर किडा या तिन्ही अवस्थांतला रस शोषतो. त्याच्या लाळेत विष असतं. सोंड टोचली तिथे काळा चट्टा पडतो आणि मोहोर जळाल्यासारखा वाळतो. यावर शिफारशीतला उपाय म्हणजे पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन वेळच्या फवारण्या. बागेत ते जमतं. परसात मात्र चार हातांवर विहीर असते, वाळत घातलेले कपडे असतात, मोहोरावर मधमाश्या असतात. घराला खेटून असलेल्या काजूवर मी रासायनिक फवारणीचा सल्ला देणार नाही. त्यापेक्षा पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या झाडावर राहू द्याव्यात, त्या ढेकण्याला टिकू देत नाहीत. त्या आपल्यालाही कडकडून चावतात आणि काजू काढताना शिव्या खातात, ही त्या सेवेची किंमत. ढेकण्या पेरूवर आणि कडुनिंबावरही राहतो, तेव्हा काजूला खेटून पेरू लावू नये. मूळ गोव्यातल्या झाडापासून निवडलेली ‘भास्करा’ ही जात थोडी उशिरा मोहोरते, म्हणून प्रादुर्भाव बेताचा असेल तर ती त्यातून निसटते. दुकानात सहज मिळतात ती वेंगुर्ला ४ किंवा ७ ची कलमं. ती चांगलीच आहेत, पण ढेकण्या त्यांना सोडत नाही.

झाड मारतो तो रोठा. याची अंडी बुंध्याजवळच्या सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर असतात. अळी सालीखालून झाडाला गोल पोखरत जाते. पण सोंड्यापेक्षा हा शत्रू बरा, कारण याचा पुरावा जमिनीलगत, आपल्या डोळ्यांसमोर असतो: बुंध्याशी भुसा आणि वाहणारा डिंक. पटाशीनं ती साल सोलायची, बोगद्याचा माग काढून अळी बाहेर ओढायची, जखमेला औषध लावायचं. बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेराची साल गेली असेल तर झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून जाळावं, नाहीतर शेजारचंही जातं.

आता नारळ-काजूतला सगळ्यात मोठा फरक: पाहणार कोण? काजूचं दुखणं उभ्यानं, वाकून दिसतं. माडाचं दुखणं चाळीस फुटांवर असतं, आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, मिळणं किती अवघड झालंय हे कोकणात वेगळं सांगायला नको. पाडेली चढेल तेव्हाच शेंडा तपासून घ्यायचा, नुसते नारळ उतरवून त्याला सोडायचं नाही. बुटक्या जाती हाताशी येतात, पण भुंग्यांनाही त्या आवडतात.

आणि जनावरं. इथे काजू सरळ जिंकतो. कच्च्या काजूबीच्या सालीतलं तेल कातडी भाजतं, त्यामुळे माकडं आणि वटवाघळं बोंडू खातात आणि बी टाकून देतात. वटवाघूळ ती लांब नेऊन टाकतं, माकड फांद्या मोडतं आणि कोवळा मोहोर झाडून टाकतं, नुकसान होतंच; पण सकाळी झाडाखाली थोड्या बिया तरी वेचता येतात. नारळाचं तसं नाही. माकडं-वानर कोवळी शहाळी पाडतात, उंदीर देठाजवळ भोक पाडून आतलं पाणी आणि खोबरं संपवतात, सिंधुदुर्गातल्या जंगलाकडेच्या गावांत शेकरूही येतो. तो राज्यप्राणी आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा हुसकावण्यापलीकडे काही करायचं नाही. उंदरांसाठी खोडाला पुरुषभर उंचीवर पत्रा गुंडाळतात. तो चालतो, पण माडाच्या झावळ्या शेजारच्या आंब्याला टेकत असतील तर पत्र्याचा काही उपयोग नाही. नव्या लावलेल्या माडाचं साळिंदर आणि रानडुक्कर बुडातून वाटोळं करतात, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं भक्कम कुंपण हवंच. दोडामार्ग तालुक्यात तर २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात आणि त्यांच्या वाटेवर माड लावणं म्हणजे त्यांना आमंत्रण. तिथे काजूच.

सुपारीबद्दलही विचारतात. तिला कीड कमी, पण पावसाळ्यात कोळेरोगासाठी, म्हणजे फळं कुजवणाऱ्या बुरशीसाठी, फवारणीला वर चढावं लागतं आणि सावली-पाणी बारमाही हवं. नारळाखाली जागा असेल तरच तिचा विचार करावा.

माझं मत असं. घरात वर्षभर कुणीतरी राहत असेल, जंगल लांब असेल आणि पाडेली ओळखीचा असेल तर नारळ लावा. दोन-तीन माडांत घरचं भागतं. घर बंद असेल आणि आपण गणपतीला आणि मे महिन्यातच जात असाल तर काजू. ढेकण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोहोर खाऊन जाईल, तेव्हा आपण मुंबईत असाल. एखाद्या वर्षी फारसं हाती लागणार नाही, पण झाड राहील. रोठा उन्हाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे मेमध्ये प्रत्येक बुंध्याशी बसून भुसा शोधायचा, आणि गणपतीत गवत काढून पुन्हा एकदा. कलमी काजू तिसऱ्या वर्षी धरू लागतो, म्हणजे एखादं मेलं तरी फार मागे पडत नाही.

दोन्ही लावणार असाल तर काजू कुंपणाच्या बाजूला, माड विहिरीकडे, आणि शेणखताचा खड्डा दोघांपासूनही लांब.