जुन्या मोटर यॉटची इंजिनं: खोलून बांधायची की सरळ बदलायची?

दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितोय. एकाच बोटीत आधी डावं इंजिन उतरवून पूर्ण बांधून घेतलं, आणि दोन वर्षांनी तेच छान चालणारं इंजिन काढून दोन्ही बाजूंना नवी बसवली. ऐकणारे हसतात, हसू देत. ज्याची इंजिनं ऑइल प्यायला लागलीयेत, सकाळी स्टार्टला निळा धूर मारतायत आणि मेकॅनिकने "आता काम काढावं लागेल" असं सांगून टाकलंय त्याच्यासाठी हे आहे, त्यामुळे कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे काय वगैरे इथे सांगत बसत नाही.

पहिलं म्हणजे इंजिन कुठलं आहे त्यावर अर्धा निकाल आधीच लागलेला असतो. डेट्रॉइट डिझेल कंपनीचं जुनं 71 सिरीजचं टू-स्ट्रोक असेल (1938 पासूनचं डिझाइन, एकेक सिलिंडर 71 घनइंचाचा म्हणून ते नाव) तर ते मुळात बांधण्यासाठीच बनवलंय असं म्हटलं तरी चालेल, लायनर (सिलिंडरच्या आत बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळ्या) काढा, नवे घाला, पिस्टन-रिंगा टाका, आणि जागा असली तर हे सगळं बोटीतल्या बोटीत, इंजिन न उचलता होतं. कॅटरपिलर 3208 असेल तर गोष्ट वेगळी, त्याला लायनरच नाहीत, सिलिंडर थेट ब्लॉकमध्ये कोरलेले, म्हणजे बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला की अख्खा ब्लॉक मशीन शॉपला न्यायचा. कमिन्सचं 5.9 लिटरवालं बी सिरीजही बिनलायनरचंच, पण त्याचाच मोठा भाऊ 8.3 लिटरचं सी सिरीज, त्याला वेट लायनर (बाहेरून थेट कूलंटमध्ये असणारे) आहेत. मेकॅनिक "इन-फ्रेम करू" (म्हणजे इंजिन न उचलता जागेवरच) म्हणाला की आधी हे विचारा, लायनर आहेत का? नसतील आणि तरी तो जागेवरच करू म्हणत असेल तर तो फक्त रिंगा आणि बेअरिंग बदलणार आहे, बोअर आहे तसाच राहणार.

दुसरं, इंजिन का मेलं हे कळल्याशिवाय काहीच करू नका, ना बांधू नका ना बदलू नका. बोटीतली बरीचशी डिझेल इंजिनं झिजून मरत नाहीत, ती मारली जातात. एक्झॉस्ट एल्बो (जिथे धुरात थंड करणारं समुद्राचं पाणी मिसळतं ते वाकडं नळकांडं) आतून सडतो आणि खारं पाणी हळूच सिलिंडरमध्ये उतरतं, ऑइल लॅबला पाठवलं तर सोडियम वाढलेलं दिसतं. किंवा प्रॉपेलरचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त असतो, पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन रेटेड आरपीएमला पोचतच नाही, वर्षानुवर्षं घाटात टॉप गिअरमध्ये चढवलेल्या ट्रकसारखं कण्हत राहतं. हे दुरुस्त न करता केलेलं कुठलंही काम म्हणजे पुढच्या कामाची तारीख पक्की करणं. माझ्याकडे या दोनपैकी दुसरी भानगड होती, मागच्या मालकाने कधीतरी मोठे पंखे, म्हणजे प्रॉपेलर, लावले होते.

आता माझं रीबिल्ड. माझी इंजिनं सहा सिलिंडरची, टर्बो, यांत्रिक पंपवाली, एक तारही कॉम्प्युटरची नाही, कंपनी कुठली ते जाऊ द्या. डावं आधी थकलं. आम्ही ते उचलून बाहेर काढलं, कारण ते एकदा गरम झालेलं होतं आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट राहिलाय का हे बोटीत झोपून मोजता येत नाही. कोटेशन व्यवस्थित होतं. मग इंजिन खुललं. हेडला व्हॉल्व्हच्या मधे चीर, क्रँक ग्राइंड करावा लागेल, आफ्टरकूलर उघडलाच आहे तर तोही, इंजेक्शन पंप टेस्ट बेंचवर लावूनच घेऊ... इंजिन एकदा सुटं होऊन टेबलावर पसरलं की "नको, राहू दे" म्हणायची सोयच उरत नाही, परत बांधायलाही पैसे लागतातच. शेवटचं बिल कोटेशनच्या दीडपट झालं. यात कुणी फसवलं असं नाही, कामच तसं असतं.

पण इंजिन झालं मात्र सुरेख. धूर नाही, ऑइल पिणं बंद, आवाजसुद्धा भरलेला. पहिलं वर्षभर मी येईल त्याला कौतुकाने दाखवायचो.

आणि मग तो इम्पेलर, पाण्याच्या पंपातलं ते रबरी पात्यांचं चाक.

दोन इंजिनांच्या बोटीत बहुतेक वेळा दोन्ही एकसारखीच असतात, आरशातली जोडी नसते. माझ्या इंजिनांचा, इंजिन थंड ठेवणारा खाऱ्या पाण्याचा पंप डाव्या अंगाला. उजव्या इंजिनाला तो मधल्या बोळात येतो, गुडघे टेकून बसलं की हाताशी, पंधरा मिनिटांचं काम. डाव्या इंजिनाला तोच पंप येतो हलच्या (बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या) बाजूला, इंजिन आणि डिझेलच्या टाकीच्या मधल्या फटीत, जिथे माझा हात कोपरापर्यंत जातो आणि डोकं अजिबात जात नाही. एका दुपारी सी-स्ट्रेनरमध्ये (आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत) शेवाळाचा गोळा बसला, पंप कोरडा फिरला आणि इम्पेलरची पाती तुटली. टेंपरेचर अलार्म वाजला, डावं बंद केलं. अंतर फार नव्हतं, उजव्यावर घरी आलो असतो, पण वारा वाढत होता, चिंचोळ्या तोंडातून एका इंजिनावर आत शिरायची माझी तयारी नव्हती, म्हणून तिथेच बदलायला बसलो.

म्हणजे बसलो नाही, झोपलो. गरम व्हॉल्व्ह कव्हरवर जुनी लाइफजॅकेट टाकून तिच्यावर पालथा, एक हात खाली फटीत, दुसऱ्या हातात फोन, कॅमेरा चालू करून खालच्या अंगाला धरलेला, आणि स्क्रीनवर उलटंसुलटं दिसणाऱ्या सहा स्क्रूंपैकी कुठल्याला पाना लागलाय हे चाचपून बघतोय. बोट डुलतेय. चार स्क्रू निघाले, पाचवा निघाला आणि बोटांतून सटकला, टिण् टिण् करत बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) गेला. कव्हर निघालं तेव्हा इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी दोन जागेवर नव्हती, ती पुढे हीट एक्सचेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकलेली, आणि ती काढल्याशिवाय नवा इम्पेलर घालून उपयोग नाही, म्हणजे आणखी एक होज, आणखी एक क्लॅम्प, तोही त्याच बाजूला. सव्वा दोन तास गेले. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा डाग अजून आहे.

त्या झोपलेल्या अवस्थेत एक गोष्ट डोक्यात आली ती काही केल्या जाईना. हे इंजिन वर्कशॉपमध्ये स्टँडवर होतं तेव्हा हाच इम्पेलर मी उभ्या उभ्या, गप्पा मारत बदलला होता. इतके पैसे घालून मी आतलं सगळं नवं केलं आणि मग ते उचलून परत त्याच फटीत नेऊन बसवलं. रीबिल्डमध्ये इंजिन नवं होतं, पण त्याचा पंप जिथे आहे तिथेच राहतो, फिल्टर जिथे आहे तिथेच, झिंक (गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे तुकडे) काढताना बोटांच्या पेरांची सालं जायची ती जातच राहतात. आणि ज्या जागी हात पोचत नाही तिथली देखभाल माणूस पुढे ढकलतोच, मी तर ढकलायचोच. डावं इंजिन आधी का थकलं याचं निम्मं उत्तर मला वाटतं तिथेच आहे.

उजव्याचं काम निघालं तेव्हा म्हणून मी नव्या इंजिनांकडे वळलो. निवडताना हॉर्सपॉवर शेवटी बघितली, आधी बघितलं की पंप, फिल्टर, डिपस्टिक, ऑइल भरायचं तोंड कुठे आहे. जे मिळालं त्यात सगळं पुढच्या तोंडाला किंवा एकाच बाजूला घेता येतं, डाव्या-उजव्यासाठी फिल्टर वेगवेगळ्या बाजूला बसवायची सोय आहे. लांबीला आखूड, रुंदीला कमी, वजनाला बरीच हलकी. हलच्या बाजूला आता मी अंग चोरून का होईना पण शिरतो.

फुकट काही मिळालं नाही. जुन्या इंजिनांचे पाय रुंद, नव्यांचे अरुंद, त्यामुळे फाउंडेशन कापून नवं बांधावं लागलं. एक्झॉस्टचा व्यास वाढला. गिअरबॉक्स नवे, रेशो वेगळा, म्हणून पंखेही बदलले (तेवढं एक बरं झालं, पिचचा जुना घोळ आपोआप मिटला). वजन कमी झाल्यावर बोट मागून उचलली गेली, वॉटरलाइनचा पट्टा परत रंगवला. इंजिनांच्या किमतीच्या साधारण निम्मे पैसे या आजूबाजूच्या कामांत गेले आणि याचा अंदाज मला कुणी आधी नीट दिला नव्हता. अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) बोट पाण्यात सोडल्यावरच करून घ्या, ट्रॉलीवर केलेली धरू नका, हल पाण्यात बसला की आकार किंचित बदलतो, आणि कपलिंगच्या (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडाच्या) व्यासाला दर इंचामागे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढीच फट चालते असा साधारण नियम आहे. माझ्या फिटरने पहिल्यांदा ट्रॉलीवरच उरकलं होतं, शाफ्ट थरथरायला लागल्यावर परत आला.

आणि हो, कॉम्प्युटर. नवी कॉमन रेल इंजिनं (ज्यांचं डिझेल इंजेक्शन कॉम्प्युटर चालवतो) डिझेलच्या बाबतीत नाकं मुरडतात, पाण्याचा थेंब खपत नाही, आणि स्क्रीनवर कोड आला की लॅपटॉपवाल्या माणसाची वाट बघायची. जुनं इंजिन डिझेल आणि हवा मिळाली की चालायचं, बॅटरी मेली तरी चालत राहायचं. याचं मला अजूनही वाईट वाटतं. दोन सीझनमध्ये एकदाच कोड आला, सेन्सरचा प्लग सैल होता, पण ते कळेपर्यंत निम्म्या स्पीडवर आलो.

आता रीबिल्ड कुणी करावं? ज्याची सिंगल इंजिनची ट्रॉलर टाइप बोट आहे, लेहमन किंवा पर्किन्स 6.354 सारखं साधं इंजिन आहे, भोवती चारी बाजूंनी बूड टेकायला जागा आहे, त्याने बदलायच्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं. दोन-तीन वर्षांत बोट विकायची असेल त्यानेही नको, नव्या इंजिनांचे पैसे विकताना परत येत नाहीत, थोडेफार येतात. आणि हात पोचत असेल, लायनरवालं इंजिन असेल, मेकॅनिक विश्वासाचा असेल, तर बांधलेलं जुनं इंजिन काही कमी नसतं, माझं डावं विकलं ते आजही दुसऱ्या एका बोटीत चालतंय म्हणे, आणि त्या बोटीत ते उजव्या बाजूला बसवलंय, पंप बोळात.

काहीही ठरवा, इंजिनं बाहेर निघाली तर त्या काळात टाक्या, होज, सी-कॉक (हलमधून पाणी घेणाऱ्या तोट्या), वायरिंग हे सगळं बघून घ्या. माझ्या डिझेलच्या टाकीच्या मागच्या अंगाला गंजाचा तळहाताएवढा फोड होता, पहिल्या वेळी इंजिन बाहेर असताना मी तिकडे टॉर्चसुद्धा मारला नव्हता.

आणि कोटेशन मागवायच्या आधी एक संध्याकाळ काढा. इंजिन थंड असताना खाली उतरा, वर्षभरात जिथे जिथे हात लावायचा असतो त्या प्रत्येक जागी खरोखर हात लावून बघा, इम्पेलर, झिंक, दोन्ही फिल्टर, बेल्ट, स्ट्रेनर, गिअरबॉक्सची डिपस्टिक, सगळं. कागदावर टिक करत जा. माझ्या उजव्या इंजिनाच्या अकराच्या अकरा जागी हात पोचला होता. डाव्याच्या सात.