व्हॅलग्रिंड: ७७७ ओळी टाकल्या, ७७७ ब्लॉक सापडले

आमच्या लॉग सर्व्हरवर दर रविवारी पहाटे चारला आरसिसलॉग (लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, गोळा करणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीची) एक ओळ होती. माझ्याआधीच्या अ‍ॅडमिननी टाकलेली. कशासाठी, हे मी वर्षभर विचारलंच नाही. मग एकदा शुक्रवारीच रॅम संपली, ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम मारणारी लिनक्सची यंत्रणा) डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा आरसिसलॉग, उडवला आणि रांगेतले मेसेजही त्याच्याबरोबर गेले. तेव्हा कळलं, की हा सगळा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ कारभार होता.

पीएस कमांड लावून आरएसएस, म्हणजे प्रोग्रामने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, बघत बसले. सोमवारी ४० एमबी, गुरुवारी ७०० च्या वर. पहिला संशय रांगेवर, कारण पुढचा सर्व्हर बंद असला की आरसिसलॉग मेसेज मेमरीत साठवत राहतो आणि ते हुबेहूब गळतीसारखं (घेतलेली मेमरी परतच न करणं) दिसतं. इम्पस्टॅट्स (आरसिसलॉगचे आकडे दाखवणारं मॉड्यूल, म्हणजे जोडभाग) चालू करून पाहिलं, रांग रिकामी. म्हणजे गळती खरी. म्हणून व्हॅलग्रिंड, प्रोग्रामच्या मेमरीतल्या चुका शोधणारं साधन.

फुकट आहे, २००२ पासून आहे, अ‍ॅप्टने मिनिटात बसतं. उच्चार ‘ग्रिंड’, आमच्याकडे सगळे ‘ग्राइंड’च म्हणतात, मिक्सर असल्यासारखं.

आधी तक्रारी. चालू प्रोसेसला ते जोडता येत नाही, डीमन थांबवून व्हॅलग्रिंडखाली नव्याने सुरू करावा लागतो. त्यात सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) गंमत: सर्व्हिस थांबवली तरी सिस्लॉग.सॉकेट हे त्याचंच युनिट तिला परत उठवतं. मी दोनदा फसले. दोन्ही थांबवा, मग ‘-एन’ देऊन डीमन समोरच, म्हणजे टर्मिनलवरच, चालवा. शिवाय मेमचेकखाली (व्हॅलग्रिंडचं मेमरी तपासणारं टूल) काम दहा-वीस-तीस पट संथ होतं आणि एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा धागा) पळतो. खऱ्या सर्व्हरवर हे करायला जाऊ नका, यूडीपीने (पोचल्याची खात्री न करता) येणारे लॉग सरळ हरवतील. मी टेस्टच्या मशीनवर केलं.

पहिल्या रिपोर्टात नेमकं हवं तिथेच फंक्शनच्या नावाऐवजी तीन प्रश्नचिन्हं! आरसिसलॉग बंद होताना मॉड्यूल मेमरीतून उतरवतो, रिपोर्ट छापला जातो त्यानंतर. तोवर फंक्शनची नावं गेलेली असतात. आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये डीबग.अनलोडमॉड्यूल्स ऑफ केलं की नावं दिसतात. नव्या व्हॅलग्रिंडमध्ये नावं राखून ठेवणारा कीप-डीबगइन्फो हा पर्यायही आहे. हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता कौतुक. आमच्या एका जुन्या स्विचकडून अर्धवट तुटलेल्या ओळी यायच्या, साधारण सेकंदाला एक. संशय त्यांच्यावर. लॉगर कमांडने तशाच ओळी पाठवल्या, मुद्दाम ७७७, म्हणजे आकडा गर्दीत ओळखू येईल. मग कंट्रोल-सी. रिपोर्टात ‘स्टिल रीचेबल’ची भलीमोठी जत्रा (जिचा पत्ता प्रोग्रामकडे अजून आहे ती मेमरी, तिकडे सुरुवातीला बघूच नका), आणि तळाशी ‘डेफिनेटली लॉस्ट’ (पत्ताच हरवलेली, म्हणजे खरी गळती): १५,९१,२९६ बाइट्स, ७७७ ब्लॉक्स. भागून पाहिलं, प्रत्येकी बरोबर २,०४८. मी खुर्चीतून उठलेच.

त्याखालच्या स्टॅकमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) मेमरी मागणारं कॅलॉक, आणि लगेच पुढे आमच्याच घरी लिहिलेल्या आउटपुट मॉड्यूलचं फंक्शन, ओळ क्रमांकासकट (मॉड्यूल ‘-जी’ लावून, म्हणजे डीबगच्या माहितीसकट, कंपाइल केलेलं हवं). ओळ तुटकी निघाली की एरर देऊन तिथूनच रिटर्न, आणि मेमरी परत करणारं फ्री त्या रिटर्नच्या खाली. बिचाऱ्या आरसिसलॉगचा काही दोष नव्हता. मी उगाच महिनाभर त्याला शिव्या घातल्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या प्रश्नचिन्हांसाठी कापला. मॉड्यूल पुन्हा कंपाइल करता येत असेल तर अ‍ॅड्रेससॅनिटायझर हे तसंच दुसरं साधन बरंच जलद चालतं, पण तयार बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) जशी आहे तशी तपासायची तर मी व्हॅलग्रिंडच घेईन.

दुरुस्तीनंतर पाचवा आठवडा चालू आहे, आरएसएस ४३ एमबीवर. क्रॉनची ती ओळ मात्र मी पुसलेली नाही, पुढे फक्त # लावून ती बंद ठेवलीय.