पोलाद सांगून बीड (ठिसूळ ओतीव लोखंड) विकले: कापलेल्या प्रेसच्या नादात माझे २४,१३० रुपये गेले

आधी आकडा सांगतो, म्हणजे शे-पाचशे रुपयांसाठी हा माणूस ओरडतोय असे कुणाला वाटायला नको. प्रेसचे ३,००० रुपये यूपीआयने आगाऊ, १६,५०० रोख, टेम्पोचे १,४००, ७०१८ चे वेल्डिंग रॉड ६८०, ग्राइंडरच्या चकत्या ४५०, सहा निकेल रॉड ९०० आणि शेवटी धातूच्या तपासणीचे १,२००. एकूण २४,१३०. पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या माणसाचा हा जवळजवळ महिन्याचा पगार आहे. घरी मी निम्माच आकडा सांगितला होता. आता तेही उघडे पडले आहे.

मी वेल्डिंग पोटासाठी करत नाही. तीन वर्षांपूर्वी कुपवाड एमआयडीसीत ग्रिलचे काम करणाऱ्या एका उस्तादांकडे रविवारी जाऊन बसायला लागलो आणि हात बसला. घरामागे पत्र्याची शेड आहे, २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन आहे. मोडलेल्या गेटच्या बिजागऱ्या, ट्रॉलीचे हूक, तुटलेले कोळप्याचे फासे असे शेजारपाजारचे काम मी फुकट करून देतो. कापलेले दोन तुकडे नीट खाच मारून जोडले आणि घासल्यावर सांधा कुठे होता ते कळेनासे झाले की जे समाधान मिळते, ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. त्या समाधानाचाच प्रेस विकणाऱ्याने फायदा घेतला.

जाहिरात होती फ्लाय प्रेसची. तोच तो, वर आडवा दांडा, दोन्ही टोकांना गोळे, फिरवला की स्क्रू खाली येतो आणि पट्टीला भोक पडते. बॉडी मधोमध दोन तुकड्यांत कापलेली. ‘स्टील बॉडी, वेल्ड करून वापरा.’ मिरजेजवळच्या एका भंगार यार्डाचा पत्ता होता. आगाऊ ३,००० पाठवल्याशिवाय विक्रेता माल राखून ठेवायला तयार नव्हता, ते पाठवले आणि रविवारी गेलो. तो म्हणाला, ‘२०१९ च्या महापुरात कारखाना बुडाला साहेब, मालकानं सगळं विकलं. अख्खं उचलंना, म्हणून कापून काढलं.’

इथे माझी बाजू समजून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढे पाणी होते. माझे स्वतःचे जुने ड्रिल मशीन त्या गाळात गेले. पूर म्हटले की सांगलीचा माणूस पुढचे प्रश्न विचारत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो आणि मान हलवतो. मी तेच केले. पुराचा तो डाव त्याने मुद्दाम टाकला होता हे आता कळते आहे.

आता तो क्षण, ज्यावरून मला अजून रात्री जाग येते.

दोन्ही तुकड्यांवर राखाडी रंगाचा जाड थर होता. बॉडीवर असणे ठीक. पण कापलेल्या कडांवरही होता. गुळगुळीत, पुट्टी भरून, वरून रंग मारलेला. जी कड वेल्डिंगसाठी घासून उघडी करायची आहे, तिला कुणी रंग कशाला मारेल? मी विचारलेही. ‘गंज चढू नये म्हणून,’ तो म्हणाला. मी खिशातून लोहचुंबक काढले, लावले, ते चिकटले आणि मी निश्चिंत झालो. मित्रांनो, लोहचुंबक बिडालाही चिकटते. पोलादालाही चिकटते. त्या चाचणीने काहीही कळत नाही. माझ्या गाडीच्या डिकीत त्या दिवशी कानस होती. पंधरा पावलांवर. ती आणून कोपऱ्यावर चार वेळा ओढली असती तर बिडाची काळी भुकटी पडली असती आणि माझे १६,५०० खिशात राहिले असते. आगाऊचे ३,००० गेले असते, जाऊ देत.

बिल मागितले. ‘भंगाराला कसलं बिल?’ मी रोख दिले. काट्यावर माल १७४ किलो भरला.

घरी आल्यावर सांधा घासायला घेतला, तेव्हा ग्राइंडरच्या ठिणग्या आखूड, मंद लाल पडत होत्या. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब जातात, पिवळ्या-पांढऱ्या. हा फरक मला माहीत होता. मी चकतीला दोष दिला आणि नवीन चकत्या आणल्या. ते ४५० रुपये त्याचेच. रंग निघाल्यावर कडेचा अर्धा भाग चकतीने कापलेला आणि उरलेला दाणेदार, करडा, तुटलेला दिसला. म्हणजे अर्धे कापून पुढे घणाने फोडले होते. गॅस कटिंगने बीड नीट कापले जात नाही, पोलाद मात्र सरळ कापले जाते आणि कडेवर बारीक उभ्या रेघा उमटतात. एवढे सगळे समोर होते आणि मी खाच मारत बसलो, कारण पैसे देऊन झाले होते आणि मला ते खोटे आहे असे मानायचे नव्हते.

रॉड भाजून घेतले होते, अर्थिंग पक्के होते, बॉडी चौकटीत आवळली होती. काम माझ्या परीने चोख केले. जेवायला बसलो आणि शेडमधून ‘टक्’ असा आवाज आला. वेल्डला लागून, शिवणीशेजारी तडा. तो खोदून काढला, पुन्हा भरला. पुन्हा तडा. तिसऱ्यांदा उस्तादांना बोलावले. त्यांनी हातोडीचा एक ठोका मारला, आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘सर, हे बीड हाय की ओ. पोलाद असं बद्द वाजत न्हाई.’

साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, करड्या बिडात तीन टक्क्यांच्या आसपास. वेल्डच्या आचेने सांध्याशेजारचे बीड काचेसारखे कडक होते, थंड होताना आकसते आणि फुटते. निकेल रॉडने, आधी तापवून, छोटे छोटे टाके घालून आणि हळूहळू थंड करून बीड जोडता येते. उस्तादांनी एका कोपऱ्यावर करून दाखवले. पण ते पंपाच्या कव्हराला चालते. प्रेसच्या बॉडीवर प्रत्येक ठोक्याला ताण येतो. ‘ह्यावर हात ठेवून काम करू नगा,’ ते म्हणाले. माझा नववीतला मुलगा त्या दांड्याला लोंबकळून तो फिरवायची वाट बघत होता. पैशांपेक्षा राग या गोष्टीचा जास्त आहे.

विक्रेत्याला फोन केला. ‘मी कास्टिंग म्हणलो होतो. वेल्डिंग तुमचं कच्चं.’ व्हॉट्सअॅपवर त्याने खरोखर फक्त ‘कास्टिंग’, म्हणजे ओतीव माल, एवढेच लिहिले होते. ‘स्टील कास्टिंग’ हे शब्द तोंडी. जाहिरात काढून टाकलेली. मी तिचा फोटो घेतला नव्हता. तुम्ही घ्या, गाडी बाहेर काढण्याआधी घ्या, आणि ‘पोलाद आहे ना?’ हा प्रश्न लिहून विचारा.

मग पोलीस ठाणे. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मी फुटलेला आठ किलोचा तुकडा पिशवीतून घेऊन गेलो, टेबलावर ठेवला. समोरच्याने तो उचलला आणि विचारले, ‘लोखंडच दिलंय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ मी समजावले. सोने सांगून पितळ दिले तर तुम्ही गुन्हा घेता ना? तर म्हणे ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. मी म्हटले, पुट्टी भरून कड लपवली आहे, यात हेतू दिसत नाही का? जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचे ३१८ आहे, ते फसवणुकीसाठीच आहे ना? ‘वकील आहात का?’ हे उत्तर. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी फोन लावला, तिथे म्हणाले माल तुम्ही हाताने घेतला, आमच्यात बसत नाही. पुन्हा ठाण्यात. ‘तज्ज्ञाचा दाखला आणा.’ एका प्रयोगशाळेत १,२०० रुपये भरून आणला, कार्बन ३.३ टक्के. तो पाहून म्हणाले, हा तुकडा त्याच प्रेसचा कशावरून? दोन रजा गेल्या, चार अर्धे दिवस गेले. अर्जावर आवक शिक्का मिळवायला मला तासभर उभे राहावे लागले, जणू मीच काही चोरून आणले आहे. पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवून ४१ दिवस झाले. पोच आली, उत्तर नाही. कोल्हापूर-सांगलीच्या या पट्ट्यात गल्लोगल्ली फाउंड्री आहेत आणि बीड म्हणजे काय हे तक्रार घेणाऱ्याला मीच शिकवायचे?

ग्राहक आयोगाकडे जातो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तुमचे असे काही झाले असेल तर थांबू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारा. माझी अडचण एकच, बिल नाही. यूपीआयचे ३,००० तेवढे दिसतात, रोख दिलेल्या १६,५०० चा कागद नाही. रोख देऊ नका. द्यावेच लागले तर कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना सही घ्या.

एका भंगारवाल्याने त्या १७४ किलोचे २८ रुपयांच्या भावाने ४,८७२ देऊ केले. मी माल दिला नाही, तो माझा पुरावा आहे. ताडपत्रीखाली पडून आहे.

हे आज लिहिले, कारण काल रात्री त्याची नवी जाहिरात दिसली. दुसऱ्या नंबरवरून, पण मागची पिवळी भिंत तीच. ‘कापलेली आर्बर प्रेस, स्टील, वेल्ड करून वापरा, २१,०००.’ फोटोत कापलेल्या कडेवर राखाडी रंग आहे. रविवारी कुणी बघायला जाणार असेल तर कानस डिकीत ठेवू नका, हातात घेऊन जा.