पूर्वपक्ष मांडल्याशिवाय बोलू न देणारा चर्चावर्ग

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी अभ्यासिकेच्या सशुल्क चर्चावर्गात ‘धर्म आणि हिंसा’ या विषयाचे सत्र नुकतेच झाले. तेथे व्याख्यान नसते. सर्वांना गोलाकार बसवतात आणि प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडल्याखेरीज कोणालाही खंडन करू देत नाहीत. शास्त्रार्थातील पूर्वपक्षाचा हा दंडक इतका कसोशीने पाळलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही. धर्म हेच हिंसेचे मूळ आहे, असे ठासून सांगणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांना समोरच्या कीर्तनकारबुवांची बाजू तीनदा मांडावी लागली. तिसऱ्या खेपेस बुवांनी मान डोलावली, तोवर प्राध्यापकांचा आवाज बराच खाली आला होता.

चर्चेसाठी वाटलेल्या ऐतिहासिक टिपणांची निवड जाणकाराची वाटली. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धाला सर्रास धर्मयुद्ध म्हटले जाते. पण कॅथलिक फ्रान्स 1635 मध्ये उघडपणे युद्धात उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने, कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याविरुद्ध, आणि हे धोरण आखणारा फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशल्यू स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी होता. म्हणजे भांडण सत्तेचे आणि धर्म केवळ निमित्त, असे म्हणून बुवांचा पक्ष सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तोच पुढचे टिपण 1572 च्या पॅरिसमधील हत्याकांडाचे निघाले. तेथे ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांना मारण्याचा निर्णय राजवाड्यात झाला हे खरे. परंतु त्यानंतर गल्लोगल्ली शेजाऱ्यांच्या जिवावर उठलेल्या जमावाला केवळ दरबारी राजकारणाने कसे समजून घ्यायचे? कोणाला मारायचे हे सत्ता ठरवीत असेल, पण मारणाऱ्याला आपण पुण्यकर्म करीत आहोत असे वाटायला लावण्याचे सामर्थ्य तिच्याकडे क्वचितच असते, हे एका तरुण वकील महिलेचे म्हणणे मला सर्वांत वजनदार वाटले.

मोठी उणीव अशी की, ‘स्थानिक विषय नकोत’ असे संयोजकांनी आरंभीच बजावले. गोविंद पानसरे यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, मोबाईलवरील स्टेटसवरून 7 जून 2023 रोजी येथे दगडफेक झाली. तसेच शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने उभे राहिलेले मुस्लिम बोर्डिंगही येथेच, दसरा चौकात आहे. हे सारे वगळून पॅरिसवर तावातावाने बोलणे सोयीचे आहे, इतकेच. वाद हातघाईवर जाईल ही संयोजकांची धास्ती मी समजू शकतो; मात्र पूर्वपक्षाच्या दंडकाची खरी परीक्षा तेथेच झाली असती. (वादाचा पारा जरा चढला की चहा येतो, हा योगायोग नसावा.)

दीडशे रुपये शुल्क वाजवी आहे. जिना अरुंद व उभा असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून जावे. टिपणे ऐनवेळी हाती पडतात, ती दोन दिवस आधी मिळाल्यास निम्मा वेळ वाचण्यात जाणार नाही.