ऑर्डरचा मेल वाचता येईना, म्हणून नांदेड गाठलं

वसमतला आमचा हळदीचा व्यवसाय. मी आणि जाऊबाई घरच्याच शेतातली हळकुंडं शिजवून, वाळवून, दळून पाकिटं करतो आणि दोन वर्षांपासून वेबसाइटवर विकतो. यंदा ऐन हंगामात पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, "अगं, पैसे गेले आणि मेल आलाय तो सगळा अगम्य. फसवणूक तर नाही ना?" त्यांनी फोटो पाठवला. आमच्या ऑर्डरच्या मेलात नुसते कंस आणि 'टेबल', 'टीडी', 'स्पॅन'. रक्कम किती, पत्ता कुठला, काही सापडेना. काकूंनी ऑर्डर रद्द केली.

साइट बनवून देणारे म्हणाले, गिऱ्हाइकाचा मोबाइल जुना असेल. पंधरा दिवसांत असे सहा फोन आले. सहाही जणांचे मोबाइल जुने कसे असतील?

शेवटी भाच्यानं नांदेडला वजिराबादेतल्या, वेबसाइट-मेलची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. तिथल्या दादांनी डिझाइनला हातही लावला नाही. म्हणाले, "ताई, मेल कसा दिसतो ते राहू द्या, मला त्याचा मूळ मजकूर बघू द्या." कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की मेलावरच्या तीन टिंबांखाली 'शो ओरिजिनल' असतं, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यात वर मेल कुणाचा, कुणाला, कोणत्या प्रकारचा त्या ओळी, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. कोरी ओळ आली की वरचा भाग संपला, असा नियमच आहे. आमची साइट नव्या सर्व्हरवर (साइट जिथं ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर) हलवल्यापासून 'फ्रॉम'च्या ओळीनंतर एक एंटर जास्तीचा पडत होता. त्यामुळं 'हा एचटीएमएल (म्हणजे चौकटी-मांडणी सांगणारी खुणांची भाषा) आहे, अक्षरं यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये आहेत' असं सांगणारी कंटेंट-टाइपची ओळ खाली मजकुरात जाऊन पडली होती. दादांनी बोट ठेवून ती दाखवली. काहींना 'हळद' ऐवजी टोपीवाले इंग्रजी 'ए' आणि कसल्याकसल्या खुणा दिसायच्या, त्याचंही मूळ हेच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या काना-मात्रा नसलेल्या एका अक्षराला ३ बाइट लागतात आणि चुकीच्या पद्धतीनं वाचलं की प्रत्येक बाइटची वेगळी खूण दिसते, म्हणून 'हळद' या तीन अक्षरांच्या ९ खुणा. मी फोटोत मोजल्या, बरोबर ९ निघाल्या!

तो एंटर काढून त्यांनी माझ्या मोबाइलवर चाचणीचा मेल पाठवला. चौकट, दर, एकूण रक्कम सगळं जागच्या जागी. दोन तासांचं काम, १५०० रुपये घेतले.

कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये (मायक्रोसॉफ्टचं मेल वाचायचं सॉफ्टवेअर) मात्र आमच्या चौकटी अजून विस्कटतात. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून मेल वर्डच्या पद्धतीनं मांडतं, त्याला नव्या धाटणीची मांडणी कळत नाही; सगळं साध्या टेबलात बसवावं लागेल. त्याचे २००० वेगळे पडतील, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मी काम दिलंय.

तक्रार एकच. दुकान दुपारी चारनंतर उघडतं आणि फोन उचलत नाहीत. गावाहून येणाऱ्याची पहिली खेप वाया जाते, माझी गेली.

जाणार असाल तर नुसता फोटो घेऊन जाऊ नका. फॉरवर्ड केलेला मेलही चालत नाही, कारण त्याच्या वरच्या ओळी नव्यानं तयार होतात. गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर 'शो ओरिजिनल' मधून मूळ मेल डाउनलोड करायला सांगा आणि ती फाइल घेऊन जा.