मिरजेतल्या समुपदेशनाची सहा सत्रं: ४,२०० रुपयांत मला काय मिळालं

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी बँकेत माझ्या काउंटरची कॅश पाच हजारांनी शॉर्ट आली. तीनदा मोजली, सगळी व्हाउचरं पुन्हा लावली, केराच्या डब्यातल्या नोटांच्या पट्ट्यासुद्धा उलगडून बघितल्या. नाही सापडले. रक्कम मी भरली आणि घरी आले. पैसे गेले त्याचं एवढं नव्हतं, पण त्या दिवसापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी अंथरुणात नोटा मोजत पडायला लागले. बावीस वर्षं काउंटरवर काढली, असं कधी झालं नव्हतं. मुलगा बारावीला, सासूबाईंचं पथ्यपाणी, घरात कुणी काही विचारलं की मी वसकन अंगावर जायची. फॅमिली डॉक्टरांकडे गेले तर बीपी १४८/९४. ते म्हणाले, पंधरा दिवस घरी मोजून आकडे आणा, आणि मिरजेत एक समुपदेशक मॅडम आहेत, त्यांच्याकडे ताणासाठी सहा सत्रं असतात, ती करून बघा.

केंद्राचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी लिहायच्या आहेत, आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत. एका सत्राचे ७०० रुपये. पहिली चार सत्रं दर आठवड्याला, मग सहाव्या आणि आठव्या आठवड्याला एकेक. सत्र पन्नास मिनिटांचं.

पहिल्याच दिवशी मी उठून जाणार होते. मॅडमनी समोर एक छापील कागद ठेवला, वर लिहिलेलं: ‘माझी मोजता येणारी उद्दिष्टं’. म्हणजे टार्गेट. ठेवींचं टार्गेट, विम्याचं टार्गेट, खाती उघडायचं टार्गेट, हे सगळं ऐकूनच मी इथवर आले होते. मी स्पष्ट सांगितलं, मॅडम, याच शब्दानं माझी झोप गेलीय. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, बँकेचं टार्गेट वरून येतं आणि तुम्हाला ते कमी करता येत नाही. इथलं तुम्ही ठरवायचं, आणि जमत नसेल तर पुढच्या आठवड्यात तुम्हीच खाली आणायचं.” हे मला पटलं. नेमकं, मोजता येणारं, आवाक्यातलं, कामाचं, मुदतीचं असं उद्दिष्ट असावं, ही पाच कसोट्यांची पद्धत मुळात व्यवस्थापनातलीच. जॉर्ज डोरन यांनी तिचं मूळ रूप १९८१ मध्ये एका लेखात मांडलं, त्यातल्या एक-दोन कसोट्या नंतर बदलल्या. आमच्या ट्रेनिंगमध्येही ती शिकवली होती. ती स्वतःच्या जिवासाठी वापरायची असते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, काय व्हायला हवंय? मी म्हटलं, शांत व्हायचंय. “तुम्ही शांत झालात, हे मला काउंटरच्या पलीकडून कसं दिसेल?” मला उत्तर देता आलं नाही. बराच वेळ गेला. मग हळूहळू निघालं: दुपारचा डबा मी काउंटरवरच खाते, तो उठून आत जाऊन खाल्ला तर दिसेल. रात्री अकराला दिवा बंद झाला तर घरच्यांना दिसेल. मुलानं हाक मारल्यावर मी आधी त्याच्याकडे बघितलं तर त्याला दिसेल.

त्या दिवशी त्यांनी एक प्रश्नावलीही भरून घेतली. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेलं ताणाचं मोजमाप, त्याची दहा प्रश्नांची आवृत्ती. गेल्या महिन्याभरात अमुक किती वेळा वाटलं, असा प्रत्येक प्रश्न. उत्तराला शून्य ते चार गुण, चार प्रश्नांचे गुण उलटे धरायचे, एकूण ४० पैकी. माझे आले २८. हा आजाराचा रिपोर्ट नाही, तुमचा आकडा तुमच्याच पुढच्या आकड्याशी ताडायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. मी दर आठवड्याला भरते म्हटलं तर नको म्हणाल्या. प्रश्न महिन्याभराबद्दल आहेत, आठवड्याला भरून त्यातून काही कळत नाही. सुरुवातीला, चौथ्या आणि आठव्या आठवड्याला, एवढंच.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नव्हतं, फक्त नोंद. हे मला फार आवडलं. कारण आपण कुठे आहोत हे मला खरोखर माहीत नव्हतं. मला वाटायचं मी बारापर्यंत झोपते. नोंद काढली तर दिवा बंद व्हायची सरासरी वेळ पाऊण वाजता, आणि अकराच्या आत झोपले ती एकच रात्र. डबा पाचपैकी पाच दिवस काउंटरवर. नोंदीसाठी त्यांनी फोनवरचं कुठलं तरी ॲप सांगितलं होतं, ते मी दोन दिवसांत सोडलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्याच्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकोनात खाली लाल पेननं झोपेची वेळ लिहायला लागले. दूध दीड, झोप १२.५०. दूध एक, झोप १.१०. रोज सकाळी गवळ्याचं लिहिताना आपोआप लिहिलं जातं, विसरायला होत नाही.

आता पहिली तक्रार. त्या छापील कागदावर सात रकाने होते, आणि दुसऱ्या सत्रात आम्ही सातही भरले. झोप, डबा, श्वसन, चालणं, राग, फोन, काळजीची वही. मी हिशोबाची बाई, रकाना मोकळा दिसला की भरावासा वाटतो. त्या आठवड्यात माझी अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. रात्री साडेदहाला आठवायचं, आज चालणं राहिलं, मग साडी बदलून अंगणात येरझाऱ्या घालायच्या, तोवर अकरा उलटून गेलेले. तिसऱ्या सत्रात मी रडलेच. मॅडमनी कागद फाडला नाही, पण चार रकान्यांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, ही चूक माझी, पहिल्यांदाच सात द्यायला नको होते. चूक अशी सरळ कबूल करणारा माणूस मी फार कमी बघितलाय. तरी माझं म्हणणं आहे की तो कागदच बदलावा आणि तीनच रकाने छापावेत. नवीन माणूस सात बघून सातच भरणार.

उरले ते तीन: झोप, श्वसन, राग.

झोपेचं उद्दिष्ट होतं सातपैकी पाच रात्री अकराच्या आत दिवा बंद, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. नोंदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात तीन रात्री जमलं, म्हणून पुढच्या वेळी त्यांनीच ते चारवर आणलं. चार जमल्या. मग पाच.

श्वसनाचं जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. म्हणजे एक श्वास साधारण दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. दहा मिनिटांचा गजर लावून करा असं सांगितलेलं. पण गजर लावला की माझं सगळं लक्ष गजराकडे. सासूबाईंची तुळशीची माळ देवघरात असते, ती मागून घेतली. एका मण्याला एक श्वास. अर्धी माळ म्हणजे ५४ श्वास, नऊ मिनिटं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझ्या कागदावर ‘दहा मिनिटं’ खोडून ‘अर्धी माळ’ केलं. देवाचं नाव घेत नाही म्हणून सासूबाई दोन दिवस नाराज होत्या. मग त्या स्वतःच शेजारी बसायला लागल्या. त्यांचं नामस्मरण, माझे श्वास. पहाटे सव्वापाचला खोली थंडगार असते आणि मण्यांचा बारीकसा आवाज येतो, बाकी काही नाही.

रागाचं उद्दिष्ट मी चुकीचं घेतलं होतं: मुलावर एकदाही ओरडायचं नाही. पहिल्याच दिवशी मोडलं, आणि मोडलं की आता काय, म्हणून दिवसभर ओरडले. मॅडम म्हणाल्या, राग येणं तुमच्या हातात नाही, राग आल्यावर पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते आहे. तेवढंच मोजा. मग ठरलं, राग आला की उत्तर द्यायच्या आधी माठापर्यंत जायचं आणि पाणी प्यायचं. किती वेळा राग आला आणि त्यातले किती वेळा माठाकडे गेले, एवढे दोन आकडे. पहिल्या आठवड्यात अकरापैकी दोन. सहाव्या आठवड्यात सहापैकी पाच. मुलाला हे मी सांगितलं नव्हतं. एक दिवस तोच म्हणाला, आई, तू हल्ली फार पाणी पितेस.

बीपीचंही सांगायला हवं. घरी यंत्र आणलं आणि मी दिवसातून आठ-आठ वेळा मोजायला लागले, भांडण झालं की लगेच पट्टा दंडाला. एकदा १५६/९८ दिसलं आणि त्या आकड्यानंच घाम फुटला. मॅडमनी ते थांबवलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तंतोतंत पाळायला लावलं: अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला, दंड छातीच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्त धरतात. माझी तशीच राहिली, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि आता बीपी ठीक आहे. ते श्रेय गोळीचं आहे. बीपीचा विषय डॉक्टरांचा, तो ताणाच्या गुणपत्रिकेत धरायचा नाही, हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं. गोळ्या सोडा, आमच्याकडे या, असं म्हणणारेही मी बघितलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी करून घेतली. मी सतत म्हणायचे की काउंटरला माणसं कमी आहेत, त्याला मी काय करणार. त्या म्हणाल्या, माणसं वाढवणं तुमच्या हातात नाही, एक अर्ज लिहिणं आहे. १४ तारखेच्या आत मॅनेजरसाहेबांना लेखी द्या, जेवणाच्या वेळी वीस मिनिटं बदली माणूस हवा. दिला. तीन आठवडे लागले, पण आता पावणेदोन ते दोन-पाच मी आत बसून डबा खाते. बावीस वर्षांत मी हे कधी मागितलंच नव्हतं.

उरलेल्या तक्रारी पटकन सांगते. वेळा फक्त दहा ते पाच, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला दर वेळी अर्धी रजा टाकावी लागते. दोनदा चाळीस मिनिटं बसून राहावं लागलं. आतल्या खोलीची भिंत प्लायवूडची आहे, बाहेर बसलं की शब्द ऐकू येतात. मी हे सांगितल्यावर त्यांनी पंखा मोठा केला, पण तो उपाय नव्हे. रिसेप्शनवरची मुलगी नाव घेऊन ‘ताणवाल्या मॅडम, तुमचा नंबर’ असं मोठ्यानं म्हणाली, ते मला फार लागलं. आणि प्रश्नावलीचं मराठी इतकं अवघड होतं की मॅडमना प्रत्येक प्रश्न बोलीभाषेत सांगावा लागला.

प्रश्नावलीचे गुण चौथ्या आठवड्यात २३ आणि आठव्यात १७ आले. जानेवारीत सत्रं संपली. एप्रिलमध्ये फोनवर पुन्हा भरून घेतली, त्याचे पैसे नाहीत. तेव्हा २१ होते. मार्चएण्डचा महिना त्यात आला, मुलाची परीक्षाही होऊन गेली होती, आणि मार्चमध्ये अकराच्या आत झोपले त्या रात्री आठवड्याला दोनच. मॅडम म्हणाल्या, परत तीनपासून सुरू करा. सध्या चारवर आहे.

ज्यांची झोप पूर्ण उडालीय, छातीत दुखतंय किंवा जगणं नको वाटतंय, त्यांनी सहा सत्रांची वाट बघू नये, थेट डॉक्टर गाठावेत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. पहिल्या सत्रात मॅडमनी मलाही या गोष्टी एकेक करून विचारल्या आणि मगच पुढे गेल्या.

माझे ४,२०० रुपये वाया गेले नाहीत, मी बहिणीलाही पाठवलंय. जाणार असाल तर सकाळची दहाची पहिली वेळ मागा, थांबावं लागत नाही. पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत. आणि तो सात रकान्यांचा कागद समोर आला की तीनच भरा.